पानाची स्थिती पडताळता आली नाही

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

जबलपुरात उतरले आणि पहिल्याच तासात गाव आवडलं. स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले आणि खव्याची जलेबी. जलेबी काळसर, जाड, गुलाबजामच्या नात्यातली. दुकानदाराने न मागता दुसरी वाढली आणि सांगितलं की बाहेरून आलेल्यांचं एकीवर भागत नाही. खरं होतं.

राहायला घमापुरात, अण्णा आणि हेमलताकाकूंच्या घरी वरची खोली. अण्णा फॅक्टरीत फिटर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांचे आजोबा वर्ध्याहून आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मंगळवारी आणि शुक्रवारी अण्णा डायलिसिसला जातात, आणि त्याविषयी अशा बेफिकिरीने बोलतात जसं कुणी दाढी करायला जातं.

अण्णांनी विचारलं, काहून आली एवढ्या लांब. मी सांगितलं: निवृत्त कामगारांना औषधपाणी देणारा जो न्यास आहे, त्याची वेबसाइट दुरुस्त करायला, महिन्याभरासाठी. दर नोव्हेंबरात प्रत्येक कार्डधारकाने हयातीचा दाखला द्यायचा. अंगठा लावायचा, अर्ज भरायचा, आपण जिवंत आहोत असं सांगायचं. तीस तारखेपर्यंत नाही सांगितलं तर कार्ड बंद, उपचार बंद. आणि वेबसाइट लोकांचे अर्ज परत फेकते.

अण्णा हसले. म्हणाले, "मागच्या साली मी सहा वेळा सांगितलं की बाबा जिवंत आहो. सातव्या वेळेला मशीन म्हणे, अच्छा, ठीक आहे." काकू वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सातव्या वेळेपर्यंत मलेच शंका येऊन राहिली होती."

बाबांची शिकवण अशी की व्यासपीठावर बोला किंवा कागदावर लिहा, खाली आपलं नाव टाका. निनावी बोलणारा पळायची वाट मोकळी ठेवून बोलतो. म्हणून मी रोजनिशीतही सही करते, हिरव्या पेनने. हसणारे हसोत.

समिधा

६ नोव्हेंबर, बुधवार

न्यासाचं कार्यालय जुन्या बराकीत आहे, त्याच फाटकाच्या आत न्यासाचं डायलिसिस केंद्र. उंच छत, लांब हॉल, भिंतीत चार खिडक्या, प्रत्येकीवर अंगठ्याचं यंत्र. तीन चालू. चौथीला लाकडी फळ्या मारल्या आहेत आणि समोर मोडक्या खुर्च्यांची चळत. हॉलमध्ये दीडशे म्हातारी माणसं, कुणी कुंडमहून पहाटेच्या बसने आलेली, आणि बाकं बारा.

सचिव बाबारावांनी मला कर्मचारी क्रमांक दिला, एकोणीस. हा क्रमांक कुणाचा होता असं विचारलं, कारण कार्डावर जुन्या नावाचं स्टिकर खरवडलेलं दिसत होतं. ते म्हणाले, गौतम म्हणून होता कुणी, पाच वर्षांपूर्वी. खिडकीवर बसणाऱ्या अंजनीदीदी म्हणाल्या की हजेरीत नाव आहे म्हणजे असेल, पण चेहरा काही आठवत नाही. पंचवीस जणांच्या कार्यालयात पाच वर्षांपूर्वीचा माणूस आठवत नाही. काय बोलायचं.

चूक पाहिली. तुम्ही पान उघडता तेव्हा सर्व्हर त्या पानाच्या पोटात एक गाठोडं बांधून देतो. तुम्ही कोण, आतापर्यंत काय भरलंत, सगळं त्यात. गाठोड्यावर तो आपला शिक्का मारतो. पान भरून परत पाठवलं की शिक्का तपासतो. इथे सर्व्हर तीन आहेत. पान उघडून देतो एक, परत आलेलं पान हातात पडतं दुसऱ्याच्या, आणि तो म्हणतो, हा शिक्का माझा नाही. मग पडद्यावर लाल अक्षरं: पानाची स्थिती पडताळता आली नाही.

आणि या गोंधळावर आठ वर्षांचा इलाज काय? दोन-तीनदा दाबा, होतं. एका म्हातारीने आज चार तास उभं राहून पाच वेळा अंगठा दिला. तिच्याशी हे यंत्र जसं वागलं तसं एखादा माणूस वागला असता तर आम्ही मोर्चा काढला असता. यंत्र करतं म्हणून आपण खाली मान घालून पुन्हा रांगेत उभे राहतो.

समिधा

९ नोव्हेंबर, शनिवार

आज बाबारावांशी वाजलं.

इथे कार्डांचे क्रमांक सोळाशेच आहेत. कुणी गेलं किंवा कुणाचं कार्ड बंद झालं की तोच क्रमांक प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. मी म्हटलं, क्रमांक ही आयुष्यभराची ओळख असते, ती अशी खुर्चीसारखी पुढे सरकवायची नसते. संगणकाला क्रमांक म्हणजेच माणूस. बाबाराव म्हणाले की संस्थापकांचा नियम आहे, रिकामा क्रमांक अशुभ. अण्णांचा चारशे सतरा असाच कुणाकडून तरी आलेला, २०१७ साली.

मी एक तास बोलले. वक्तृत्वाच्या नऊ ढाली घरी आहेत, पण बाबारावांपुढे दगडावर पाणी. शेवटी ते म्हणाले, "समिधाजी, आप बोलती बहुत अच्छा हैं." चहा मागवला.

समिधा

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुखणं सापडलं. तीन सर्व्हर, तिघांच्या शिक्क्याच्या चाव्या तीन. प्रत्येकाने आपापली बनवली आहे. तिघांना एकच चावी दिली की संपलं. पाच मिनिटांचं काम. आठ वर्षं लोक रांगेत उभे आहेत, पाच मिनिटांच्या कामासाठी.

पण नवी चावी बनवायला कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि बैठक जानेवारीत. म्हणजे सगळ्यांची कार्डं बंद झाल्यावर. मी टेबलावर हात आपटला. अंजनीदीदी हळूच म्हणाल्या, जुनी चावी आहे, २०१६ पर्यंत एकच सर्व्हर होता तेव्हाची. तिला मंजुरी आहे, सह्या आहेत. ती वापरली तर ठराव नको.

रजिस्टर काढलं. चावी लिहिलेली होती, लांबलचक अक्षरं आणि आकडे. खाली काळ्या शाईत: "चावी एक करू नका." त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या हाताने, तेच पुन्हा. "चावी एक करू नका. केलीच तर परत वेगळी करा. वेगळी केली की चार नंबरवरून आलेलं सगळं परत जातं." दोन्हींखाली सही नाही.

दोन माणसांनी कारण लिहिलं नाही, नाव लिहिलं नाही. म्हातारी माणसं बाकावर कोसळत असताना हे भेकड वाक्य लिहून निघून गेले. ज्याच्यात नाव लिहायचं धाडस नाही त्याचा इशारा मी काहून मानू?

समिधा

१८ नोव्हेंबर, सोमवार

झालं. सकाळी साडेनऊला जुनी चावी तिन्ही सर्व्हरना दिली. दिवसभरात तीनशे बावीस अर्ज, एकही परत नाही.

अण्णांना मीच घेऊन गेले. एक नंबरच्या खिडकीवर अंगठा लावला, पडद्यावर हिरवं "हयात" उमटलं, पहिल्या दमात. अण्णा म्हणाले, मजा नाही आली, भांडायला कुणी भेटलंच नाही.

मग मला राहवलं नाही. बाकावर चढले आणि हॉलला सांगितलं की तुमच्या जिवंतपणाला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि या तीस तारखेला एकाही माणसाचं कार्ड बंद होणार नाही, हा माझा शब्द आहे. टाळ्या पडल्या. एक आजोबा म्हणाले, "नर्मदे हर, बेटी." अण्णा म्हणतात या रविवारी भेडाघाटला नेतो, नावेतून.

समिधा

२० नोव्हेंबर, बुधवार

लॉगमध्ये एक विचित्र नोंद. कार्ड ४१७. अर्ज स्वीकारला, काल ११ वाजून २० मिनिटांनी, खिडकी क्रमांक चार.

चार बंद आहे. मी जाऊन पाहिलं. फळ्या, खुर्च्या, धूळ. वायर कापलेली, टोक बाहेर लोंबतंय.

त्याहून विचित्र म्हणजे ते पान काल उघडलेलं नव्हतं. उघडल्याची वेळ १४ नोव्हेंबर २०१६. आठ वर्षं पान कोण उघडं ठेवतं? आणि शिक्का अस्सल आहे. मी तीनदा तपासला. जुन्या चावीचा, जुन्या सर्व्हरचा शिक्का. आता तिन्ही सर्व्हर ती चावी मानतात, म्हणून स्वीकारला.

नाव भानुमती. अंजनीदीदींना विचारलं तर त्यांनी आधी आपली खिडकी लावून घेतली. मग सांगितलं. भानुमतीबाई कँटीनमध्ये होत्या. २०१६ च्या त्या आठवड्यात एकाचे तीन सर्व्हर झाले. आधी उघडलेली चाळीसेक पानं नव्या सर्व्हरनी ओळखलीच नाहीत. अकरा पानांचा अर्ज पुन्हा भरायला नको म्हणून दीदी तेच पान परत परत पाठवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी चार नंबरच्या काचेवर अंगठा ठेवलेला असताना भानुमतीबाई खाली बसल्या. उठल्या नाहीत. क्रमांक जानेवारीत पुढे दिला.

अण्णांना दिला.

दीदी म्हणाल्या, "मी म्हटलं होतं बाईंना, दोन-तीनदा करा, होतं."

एखादी जुनी फाइल कुठेतरी अडकली असेल, चावी जुळल्यावर सुटली असेल. ४१७ वर पुन्हा अण्णांचं नाव लावलं.

समिधा

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णांना डायलिसिसला बसू दिलं नाही. कार्ड ४१७ भानुमतीच्या नावावर. मी कालही नाव बदललं होतं, परवाही. आज रजेवरून परतल्यासारखं तिचं नाव पुन्हा तिथेच.

तिथली परिचारिका गेली दोन वर्षं अण्णांना सुई टोचते, त्यांच्याशी चकाट्या पिटते. आज तिने त्यांच्याकडे पाहून विचारलं, बाबूजी, आपण पहिल्यांदाच आलात का. अण्णांना वाटलं थट्टा करते. मलाही वाटलं. ती थट्टा करत नव्हती.

लॉगमध्ये आता अकरा जण. सगळे खिडकी चार. सगळी पानं २०१६ ची. प्रत्येक क्रमांकावर आज कुणीतरी जिवंत माणूस आहे. होता.

बाबारावांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, एरर तो नहीं आ रहा ना?

समिधा

२५ नोव्हेंबर, सोमवार

भेडाघाट राहिलं. अण्णांचे पाय सुजले आहेत. दुसरीकडे चौकशी केली, आठ दिवसांची वाट.

दुपारी बाराला, भर उन्हात, सगळ्यांसमोर खुर्च्या बाजूला केल्या आणि चार नंबरची एक फळी उचकटली. आत अंगठ्याचं यंत्र. वीज नाही, वायर नाही. काच ऊबदार. काचेवर धूळ नव्हती. ओला ठसा होता, बारीक, सुरकुतलेला, माझ्यासमोर सुकत गेला. मग पुन्हा ओला झाला.

एकवीस जण झाले.

रांगेतला एक माणूस ओरडत होता की माझं कार्ड आहे, मी गेल्या सोमवारी अंगठा दिला. माझ्या भाषणाला टाळ्या वाजवणाराच. अंजनीदीदी त्याला सांगत होत्या, भैया, आपण यादीत नाही. त्या गेल्या आठवड्यात त्याला नावाने हाक मारत होत्या.

समिधा

२६ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णांना आजही परत पाठवलं. दम लागतो आहे. जिन्यावर तीनदा बसले.

घरी आलो. काकू दारात वाटाणे सोलत होत्या. अण्णांना पाहून त्या उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बेटा, हे आजोबा कोण? ह्यांना कुठे सोडायचं आहे?"

अण्णा पायरीवर बसले. पंचेचाळीस वर्षांचा संसार. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "सहा वेळा सांगून पाहिलं इले सकाळपासून. सातव्या वेळेला ऐकेल का गं?"

मी शब्द दिला होता. बाकावर उभं राहून.

उद्या सकाळी चाव्या वेगळ्या करते. निळ्या शाईवाला खरं सांगत होता. मी त्याला भेकड म्हणाले.

समिधा

२७ नोव्हेंबर, बुधवार

सर्व्हरच्या खोलीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही. क्रमांक एकोणीस आधीच आत आहे. दहा वाजून दोन मिनिटं, खिडकी चार. नाव गौतम. पान उघडल्याची वेळ नोव्हेंबर २०१९.

म्हणजे गौतमने पाच वर्षांपूर्वी जुनी चावी तिघांना दिली. माझ्यासारखीच. मग चार नंबरवरून आत जाऊन ती काढली. आणि चार नंबरवरून आलेलं सगळं परत गेलं — त्याच्यासकट.

म्हणून कुणाला आठवत नाही.

पहारेकऱ्याने अडवलं. मैडम, किससे मिलना है. मी म्हटलं मी इथे काम करते. त्याने वहीत पाहिलं. मला रडू आलं नाही, राग आला. नुसता राग. सर्व्हरपाशी जायला माझा अंगठा हवा आणि माझा अंगठा —

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काकूंनी वर येऊन विचारलं, खोली बघायला आलात का.

अण्णा माझ्या खोलीत झोपलेत. ओठ निळसर. एवढंच म्हणतात, उद्या शुक्रवार ना.

मला अजून ओळखणारा एकच माणूस, ज्याला कुणी ओळखत नाही.

तीन खिडक्यांवर मी नाही. चार नंबर मला घेईल. घेतेच ती असल्यांना. तिथून नाव आत गेलं की सर्व्हरचं दार माझा अंगठा घेईल, चाव्या वेगळ्या करता येतील. एकेचाळीस जण परत जातील. अण्णांनी अंगठा एक नंबरवर दिला होता. ते राहतील.

मी चार नंबरवरून गेले तर —

माहीत आहे. लिहायची गरज नाही.

भानुमतीबाई, तुम्हालाही परत ढकलावं लागणार. तुमचा काय दोष. तुम्ही फक्त जिवंत आहोत असं सांगायला आलात —

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साडेनऊ. हॉल भरलेला. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. फळी काढली. काच ऊबदार.

अंगठा ठेवला. एकाच दमात. हयात.

सर्व्हरचं दार उघडलं. पहिली चावी वेगळी. दुसरी. तिसऱ्याला बोट थांबलं, मग दाबलं.

मागे हॉलमध्ये एक नंबरवर लाल अक्षरं आली. अंजनीदीदींचा आवाज. दोन-तीनदा करा, होतं. सगळं पहिल्यासारखं. मी काहीच दुरुस्त केलं नाही.

बाहेर आले. फाटकाशी रिक्षा. काकू अण्णांवर ओरडत होत्या, आधी स्वेटर घाला, सत्तरी ओलांडली तरी शेंबडं पोर. अण्णा हसत होते. परिचारिका धावत आली, दोन वेळा कुठे होता बाबूजी.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. थांबले. काहीतरी आठवत असल्यासारखे. मग हात जोडून नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा. गेले आत.

बरं झालं. आत गेले.

बाकावर बसून लिहिते आहे. रजिस्टर मांडीवर. काळ्याखाली निळं, निळ्याखाली माझं हिरवं. चावी एक करू नका. कारणही लिहिते, सगळं, पुढच्याला कळेल असं — कारणाची अक्षरं कागदावर टिकत नाहीत, इशारा तेवढा राहतो —

मग निदान नाव. ते दोघे भेकड नव्हते. पण मी नाव टाकणार. बाबा म्हणायचे खाली नाव टाका. बाबांचं — असो. रोजनिशीच्या मागच्या पानांवर सही आहे, हिरवी, ती बघून लिहिते. स. मि.

हे कुणाचं नाव